तुळशीबागेतला हंडा



आमच्या मुळशीत लग्न ठरलं की बायका विचारतात, "तुळशीबागेत कधी जायचं?" बस्ता लक्ष्मी रोडला बांधायचा, पण भांडी, बांगड्या, रुखवताचं सामान तुळशीबागेतलंच. सकाळच्या एसटीनं निघायचं, दिवेलागणीला परत.

या बाजाराच्या पोटात राममंदिर आहे, हे गर्दीत विसरायला होतं. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी तुळशीच्या बागेच्या जागी ते बांधलं. पुढे तुळशीबागवाले हेच त्यांचं आडनाव झालं. देवामागे माणसं आली, माणसांमागे हळदकुंकू, पूजेची उपकरणी, मग तांब्यापितळेची भांडी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोके पडायचे, गिऱ्हाईक इथे मिळायचं. १८८६ साली शनिवारवाड्यापुढचा भाजीबाजार शेजारच्या नव्या मंडईत आला. त्या इमारतीच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. आज तिला त्यांचंच नाव आहे. भाजीला आलेली बाई पिशवी सांभाळत तुळशीबागेत वळायची, ती अजून वळते.

पण मला आज सांगायचंय ते आमच्या घरातल्या तांब्याच्या हंड्याविषयी. माझ्या पणजीच्या लग्नात तिच्या वडिलांनी आंबेमोहर विकून तो तुळशीबागेतून घेतला. अंगावर मठारकाम, ऊन पडलं की एकेक ठोका वेगळा चमकतो. गळ्याखाली बारीक टिंबांनी नाव घातलंय: पणजीचं, खाली गावाचं, आणि 'पेटा मुळशी'.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. तुळशीबागेत रामजन्माचा पाळणा हलतो त्याच तिथीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. धरण झालंच. पणजीचं गाव पाण्याखाली गेलं, भातखाचरांसकट. बैलगाडीत जे चढलं त्यात हा हंडा होता. त्या गावाचं नाव लिहिलेली आमच्या घरात दुसरी वस्तू नाही.

गेल्या वर्षी हंड्याला पोच आला, म्हणून तुळशीबागेत घेऊन गेले. दुकानदारानं तो हातात तोलला. "जड आहे ताई. मोडीत देताय? चांगला भाव देतो."

मी अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून गावाचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग आत हाक मारली, "अरे, पोच काढायचाय. नावाला हातोडी लागू देऊ नकोस."