४२ विरुद्ध ३७

पाळी बदलून इथे आलेले पालक, आणि आज हाती प्रमाणपत्र घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वायकर या महाराष्ट्राच्या दोन खेळाडूंनी भारताच्या महिला आणि पुरुष संघांचे नेतृत्व केले, आणि दोन्ही संघ एकही सामना न हरता जिंकले. महिलांनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले, तो आकडा सगळीकडे छापून आला. माझ्या मते त्या आठवड्यातला सर्वांत मोलाचा आकडा दुसराच आहे. १३ जानेवारीला पुरुष संघाने सलामीला नेपाळला हरवले ते ४२-३७ असे. त्या स्पर्धेत एक गडी बाद केला की दोन गुण मिळत. म्हणजे पाच गुणांची आघाडी ही जेमतेम तीन गड्यांची. चौरसात बसलेल्याला पाठीवर हात आणि तोंडचा ‘खो’ एकाच वेळी मिळाला नाही, किंवा उठलेल्याने दिशा बदलली, तर फाऊल होतो, पाठलाग तुटतो आणि पळणारा तेवढ्यात दोन खेळाडूंच्या मधून निसटतो. अशा तीन-चार निसटत्या क्षणांवर तो सामना उलटला असता, आणि आज अपराजित हा शब्द कोणी उच्चारला नसता.

सहा दिवसांनी अंतिम सामन्यात समोर पुन्हा नेपाळच होता. निकाल लागला ५४-३६. हे दोन गुणफलक शेजारी ठेवून पाहा. नेपाळचे गुण ३७ वरून ३६ झाले, म्हणजे प्रतिस्पर्धी तसूभरही ढिला पडला नव्हता. आपले गुण मात्र बारांनी वाढले, सहा गडी बाद करण्याइतके. मधल्या दिवसांत ब्राझील, पेरू, भूतान, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका असे पाच सामने झाले, श्रीलंकेवर तर शंभर गुण चढवले गेले. एवढ्या मोठ्या विजयांच्या रांगेत पहिल्या दिवसाचा काठावरचा निकाल विसरून जाणे सोपे होते. तो विसरला गेला असता तर अंतिम सामन्याचा निकाल असा लागला नसता. माझे आज म्हणणे एवढेच आहे की अपराजित राहणे म्हणजे बिनचूक असणे नव्हे. जिंकत असतानाच आपली चूक शोधता येणे, हे अपराजित संघाचे खरे कसब असते. कोल्हापुरात फुटबॉल रक्तात आहे, तालमींच्या नावाच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते, म्हणून तुम्हाला हे वेगळे सांगायला नको: २००३-०४ च्या हंगामात इंग्लंडचा आर्सेनल संघ लीगचे ३८ सामने न हरता खेळला, पण त्यांतले १२ बरोबरीत सुटले होते.

यावर कोणी म्हणेल, खो-खो आपल्या मातीतला खेळ, बाकीचे देश तो आत्ता शिकत आहेत, त्यांना हरवण्यात कसले कौतुक? आक्षेप खरा आहे. १७५-१८ या निकालातून आपल्या ताकदीबद्दल फारसे काही कळत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण याच कारणाने महिला संघाचा अंतिम सामना महत्त्वाचा ठरतो. तोवर एकाही प्रतिस्पर्ध्याला वीस गुणांच्या पुढे जाता आले नव्हते. नेपाळच्या मुलींनी चाळीस मिळवले, म्हणजे आधीच्या कोणाहीपेक्षा दुप्पट. सोपे विजय मिळत गेले की सराव सैल होतो, आवाज चढतो, बाकावर बसलेल्यांकडे दुर्लक्ष होते. तसे झाले असते तर चाळीस गुणांचा तो धक्का पेलला नसता. संघाने ७८ गुण मिळवून तो पेलला, कारण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला त्यांनी आपली मोजपट्टी केले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे, आणि तो कोल्हापूरच्या इतिहासातूनच येतो. माणूस हरूनच शिकतो, असे आपण म्हणतो. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, मॅटच्या कुस्तीची सवय नसताना सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण टाकले होते. त्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे, आणि हेलसिंकीतही खाशाबा सगळ्या कुस्त्या जिंकले नव्हते, हेही मला ठाऊक आहे. अपराजित नसलेली कामगिरी कमी दर्जाची, असे मी मुळीच म्हणत नाही. पण पराभवाची एक सोय असते: तो स्वतः येऊन तुम्हाला तुमची उणीव सांगतो. जिंकलेल्याला कोणी काही सांगत नाही. त्याला स्वतःच उठून विचारावे लागते, आणि सत्काराचे हार गळ्यात असताना विचारावे लागते. म्हणून जिंकताना शिकणे हे हरून शिकण्यापेक्षा अवघड आहे.

तुमच्यातले पुष्कळजण उद्या इथल्याच औद्योगिक वसाहतीत, नाहीतर शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये उभे राहणार आहात. तिथे तर शून्य दोष हाच नियम आहे, तिथे चुकांचे काय बोलता, असे तुम्ही विचाराल. साच्यातून निघालेले कास्टिंग पाहा. वाळू झाडली, कडा घासल्या, रंग दिला की ते आरशासारखे दिसते. बोअर मारताना मात्र कधीकधी आतला ब्लो होल उघडा पडतो. ओततानाच अडकलेली हवा तिथे पहिल्यापासून दडलेली असते. म्हणून जाणकार माणूस केवळ नापास मालाकडे पाहत नाही, पास झालेल्यांतला एखादा नग मुद्दाम कापून आतला धातू तपासतो. एक चांगला नग वाया गेला, असे बाहेरच्याला वाटते. त्या एका नगाच्या किमतीत पुढची सगळी खेप वाचते. उलट, फलकावरचे शून्य टिकवणे हेच ध्येय झाले की रिजेक्शन कोपऱ्यात सरकवले जाते, नोंदवहीत आकडा बदलतो, आणि तो ब्लो होल थेट एखाद्या ट्रॅक्टरच्या इंजिनात पोहोचतो. विक्रम जपण्याची ही भीती खेळाडूलाही पोखरते आणि कारखान्यालाही. तिच्यापासून सावध राहा, कारण ती नेहमी यशाच्या काळातच येते.

मुलांनो, तुमच्या गुणपत्रिका मी पाहिल्या नाहीत आणि पाहण्याची गरजही नाही. कामाला लागल्यावर पहिला महिना सुरळीत गेला, सुपरवायझरने शाबासकी दिली, एकही नग परत आला नाही, तर त्या संध्याकाळी घरी जायची घाई करू नका. पास झालेल्या ढिगातला एक नग उचला, आणि तो कापून पाहण्याची परवानगी मागा.