फुकटचा खेळ सुरू करावा काय?



या व्याख्यानमालेत माझ्यापेक्षा कितीतरी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, एस.टी.च्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात. महाड आणि रोहा येथील औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हटले, मला मोबाईलवरच्या एका खेळावर बोलायचे आहे. ते थोडा वेळ गप्पच राहिले. आपल्यापैकीही काहींच्या कपाळावर आठी दिसते आहे. ती तशीच राहू द्या. माझ्याही कपाळावर ती महिनाभर होती.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. पाळी सुटल्यावर आमच्या संघटनेतला एक बावीस वर्षांचा पोरगा माझ्याजवळ आला. आपल्याच पंचक्रोशीतला आहे, म्हणून नाव सांगत नाही. म्हणाला, “भाई, एक विचारू? रागावणार नाही ना?” मला वाटले, उचल पाहिजे असेल, नाहीतर लग्न ठरले असेल. तर तो म्हणाला, “पुण्याला गेलेले माझे दोन मित्र एक ऑनलाइन खेळ खेळतात. मलाही बोलावतात. फुकट आहे. सुरू करू का?”

मी वडीलधाऱ्याला शोभेल असे उत्तर दिले. म्हटले, “अरे, त्यापेक्षा झोप काढ.” तो हसला आणि गेला.

परतीच्या एस.टी.त मात्र म्हसळे येईपर्यंत मला काही चैन पडले नाही. तीस वर्षे मी कामगारांना एकच गोष्ट सांगत आलो: सही करण्यापूर्वी विचारा. कागद कोणाचा, अटी कोणाच्या, बाहेर पडायचे झाले तर काय. आणि हा पोरगा सहीच्या आधी विचारायला आला, तर मी त्याला हाकलून लावले! दुसरेही एक मनात आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या या किनाऱ्यावरून गेले, त्यात त्याच्या बापाची सुपारीची वाडी आडवी झाली. नवी रोपे लावली आहेत; पण सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात हे येथे मी कोणाला सांगायला नको. तोवर पोरगा तीन पाळ्यांत कारखान्यात, राहतो चौघांच्या खोलीत, आणि बरोबरीचे मित्र पुण्याला. त्याला खेळ हवा होता असे नव्हे, त्याला मित्र हवे होते. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला बोलावले आणि म्हटले, “माझ्याच मोबाईलवर लाव. आधी मी बघतो.”

हा खेळ म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे शिमग्याला सोंगे निघतात. कोणी संकासुर होतो, कोणी गोमू होतो, आणि जो एरवी चारचौघांत तोंड उघडत नाही तो मुखवट्याआडून गावच्या खोताचीही थट्टा करतो. या खेळातही आपण एक सोंग घेतो: योद्धा, मांत्रिक, लोहार, कोळी, काय हवे ते. ते सोंग घेऊन एका काल्पनिक मुलखात हिंडायचे, लढायचे, कसब कमवायचे. आणि त्याच वेळी जगभरातली हजारो माणसे आपापली सोंगे घेऊन तेथे हिंडत असतात. याचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी घडवला. त्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. फरक एवढाच की शिमगा पाच-सहा दिवसांत संपतो आणि मुखवटा माळ्यावर जातो. या खेळात शिमगा बारा महिने चालू असतो. कंपनीचे पोट त्यावरच आहे.

कंपनीचे पोट म्हटले की आपण माझ्या विषयात आलो. खेळ फुकट आहे, मग कारागिरांचे पगार कोण देतो? जत्रेत पाळण्याला तिकीट असते. येथे पाळण्यात फुकट बसवतात आणि वर गेल्यावर विचारतात, अजून थोडे उंच जायचे काय? बहुतेक लोक नाही म्हणतात. थोडे हो म्हणतात, आणि त्या थोड्यांच्या पैशावर सारा गाडा चालतो. जो पैसे देत नाही तोही उपयोगी असतो, कारण जत्रेला गर्दी लागते. रिकाम्या जत्रेत पैसेवाला फिरकत नाही.

पोराचे मित्र खेळत होते तो खेळ गेन्शिन इम्पॅक्ट. शांघायच्या मिहोयो कंपनीने तो सप्टेंबर २०२० मध्ये आणला. प्रथम त्याचे चांगले सांगतो, कारण चांगले आहेच. उंच कड्यावर चढावे, पंख उघडावे आणि खाली दरीत तरंगत जावे. आपल्या देवळामागच्या डोंगरावर उभे राहून लहानपणी जे स्वप्न मी पाहिले ते साठीकडे झुकताना मला पडद्यावर मिळाले. संगीत उत्तम. कथाही पैसे न देता पुष्कळ पुढे जाते. मी लबाडी करत नाही; मला तो आवडला.

मग मी अटी वाचायला बसलो. कराराचा कागद जसा वाचतो तसा, पेन्सिल घेऊन. पहिली गोष्ट, हा खेळ मोबाईलमध्ये वीस जीबीपेक्षा जास्त जागा खातो. रोज दीड जीबीचा पॅक मारणाऱ्याने दुसरे काही न पाहता तो नुसता उतरवून घ्यायचा म्हटले तरी तेरा-चौदा दिवस गेले. दुसरी गोष्ट, नवी चांगली पात्रे सोडतीने मिळतात. एक सोडत १६० रत्नांची. सर्वात वरच्या दर्जाचे पात्र निघण्याची शक्यता हजारात सहा. नव्वद सोडतींत ते हमखास निघते, असे कंपनी लिहून देते, हे खरे. पण निघालेले पात्र आपल्याला हवे तेच असेल असे नाही. नशीब फारच फुटके असेल तर १८० सोडती, म्हणजे २८,८०० रत्ने. रोजची चार ठरलेली कामे केली की त्यांची ६० रत्ने पदरात पडतात. करा भागाकार: ४८० दिवस! रत्ने मिळण्याच्या इतर वाटाही आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात इतके दिवस लागत नाहीत. पण हवे ते पात्र साधारण तीन आठवडेच सोडतीत असते. मग मनुष्य काय करतो? खिशात हात घालतो.

रोजची चार कामे आणि त्यांचे बक्षीस वाचताना मला हसू आले. हे तर आमचे हजेरी बक्षीस! खाडा केला की बुडाले. शिवाय दमाचा हिशेब आहे: आठ मिनिटांनी एक कण भरतो, दोनशेला भांडे भरते, पुढचे वाया जाते. म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस तासांत एकदा येऊन भांडे रिकामे केलेच पाहिजे. ज्या कोणी हे योजले त्याला मस्टरचे मर्म कळलेले आहे. आमचा मुकादम निदान पगार तरी देतो.

येथे बसलेल्या आयांना एक सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच खेळाच्या सोडतींवरून कंपनीच्या तेथील शाखेवर आरोप ठेवले, आणि दोन कोटी डॉलर भरून व सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून सोडती विकणार नाही असे मान्य करून तडजोड झाली. कोरियात याहून मोठे प्रकरण झाले. नेक्सन कंपनीच्या मेपलस्टोरी या खेळात पैसे घेऊन ज्या वस्तू विकत त्यांच्या शक्यता कंपनीने खेळाडूंना न सांगता बदलल्या होत्या. काही निकाल तर निघूच शकणार नाहीत अशी व्यवस्था होती. जानेवारी २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला. शक्यता जाहीर करण्याची सक्तीही त्याच वर्षी मार्चपासून तेथे लागू झाली. काटा मारलेल्या तराजूसारखाच हा प्रकार. फक्त तराजू संगणकात.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. चांगले झाले. त्या आधी आमचा एक कामगार अशाच एका खेळात दिवाळीचा बोनस घालवून बसला होता आणि पंधरा दिवस घरी काय सांगावे हे त्याला समजत नव्हते. परंतु सोडतीत निघालेले पात्र काही पडद्याबाहेर येत नाही, ते पैशात मोडून मिळत नाही. तेव्हा हा निर्णय सरकार आपल्या वतीने घेईल असे समजून कोणी बसू नये.

दरम्यान वाचनालयातल्या संगणकावर बसून शोध घेताना मला दुसरा एक खेळ सापडला, आणि खरे सांगतो, त्याच्या इतिहासाने मी गुंगून गेलो. रूनस्केप त्याचे नाव. केंब्रिजच्या गाउअर बंधूंनी तो २००१ साली सुरू केला. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने त्यातले मोकळ्या लढाईचे रान बंद केले आणि पाठोपाठ खेळाडूंच्या आपसातल्या मुक्त व्यापारावर बंधने आणली. कारण खोटे नव्हते: बाहेर काही लोक खेळातले सोने खऱ्या पैशाला विकत होते. परंतु खेळाडू खवळले. त्यांनी खेळातच चौकाचौकांत जमून निदर्शने केली. सोंगे घेतलेल्या योद्ध्यांचा आणि लोहारांचा मोर्चा डोळ्यांपुढे आणा! तीन वर्षांनी कंपनीने मतदान घेतले. बारा लाखांहून अधिक मते पडली, दहात नऊ अनुकूल, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी रान परत मिळाले. पुढे २०१३ साली खेळाडूंच्याच मताने २००७ च्या जुन्या रूपाचा स्वतंत्र खेळ निघाला, आणि त्यात नियम ठरला की नवे काही आणायचे तर शेकडा ७५ मते पाहिजेत. २०२२ साली ते प्रमाण ७० वर आणले. मत देण्यासाठी वर्गणीदार असावे लागते. फुकट खेळणाऱ्याला मत नाही. हे मला पटत नाही. पण कंत्राटी कामगाराला तरी कोठे मत असते!

या जुन्या रूनस्केपचा काही भाग फुकट आहे. तो हलका, चित्रे ओबडधोबड. सोडत नाही, दमाचे भांडे नाही. चार दिवस न गेल्यास काही बुडत नाही. वेळ मात्र तो भरपूर खातो. कोणत्याही कसबात ९९ वी पायरी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२ वी पायरी म्हणजे जेमतेम अर्धी वाट. पोराला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “भाई, सुपारीपेक्षा वाईट दिसतंय.” हा खेळ कोणाकोणाची रोजीरोटीही झाला होता, हेही मला तेव्हाच कळले. व्हेनेझुएलातले चलन कोसळले तेव्हा तेथील कितीतरी माणसे दिवसदिवस या खेळात सोने कमवत आणि परदेशी खेळाडूंना विकत. तो खेळाच्या नियमांचा भंग होता, आणि इतर खेळाडू त्यांना शोधून मारीत. ते वाचून दोन दिवस मला खेळात मन लागले नाही. एकाची करमणूक ती दुसऱ्याची पाळी.

दीड महिन्याने आम्ही दोघे चहाला बसलो आणि मी त्याच्यापुढे माझा कागद ठेवला. त्यावर उत्तर नव्हते, प्रश्न होते. आठ दिवस नाही गेलास तर काय बुडते? शक्यता कोण ठरवतो, बदलली तर कळवतो काय? सोडताना काय मागे राहते? आणि सगळ्यात वर लिहिले होते: तुझे मित्र तेथे किती दिवस आहेत? मित्र गेले आणि हजेरी राहिली तर ती नुसती पाळी झाली. त्याने कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, “मित्रांनाच इकडे बोलावतो.” मी म्हटले, येतील काय? म्हणाला, बघू. मी दोन अटी माझ्या अधिकारात घातल्या: मोबाईलचे पैशाचे खाते खेळाला जोडायचे नाही, आणि रात्रपाळीच्या आधी खेळायचे नाही. रसायनांच्या कारखान्यात पेंगणारा माणूस एकटाच मरत नाही. दुसरी अट त्याने लगेच मान्य केली, पहिलीवर थोडी घासाघीस झाली.

दोघांपैकी एक मित्र आला. दुसरा अजून कड्यावरून उड्या मारतो आहे. हे दोघे रविवारी दोन तास रूनस्केपमध्ये मासे पकडतात. कोळ्यांच्या किनाऱ्यावरचा पोरगा पडद्यावर मासे पकडतो, म्हणून त्याची आई मला बोल लावते. पण दोघे बोलत असतात ते वाडीचे, नोकरीचे, पुण्यातल्या भाड्याचे, आणि ते तिला शेजारच्या खोलीतून ऐकू येते.

माझे सोंग अजून आहे. लंब्रिज नावाच्या गावाशेजारी कोंबड्यांचे कुंपण आहे, तेथे मी त्याला शेवटचे सोडले. पोरगा परवाच विचारत होता, “भाई, कधी येताय?” मी म्हटले, पगारवाढीचा करार होऊ दे.