आकडा हलत नाही तेव्हा
(कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसणारी मुले व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या न वाचता दस्तऐवजावर अंगठा उठविला, त्या घरात तो दस्त वाचून दाखविणारे लेकरू निपजावे, याहून मोलाचे ते काय? परंतु या वाटेवर एक अवघड जागा आहे. तेथे पुष्कळ मुले अडतात आणि परत फिरतात. तेवढ्याच जागेविषयी आम्ही आज बोलणार आहो.

क्लॅट परीक्षेत १२० प्रश्न व १२० मिनिटे असतात. बरोबर उत्तरास १ गुण, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. प्रारंभी सराव-परीक्षेचे गुण भराभर चढतात. मग साठ-बासष्टावर आकडा जो बसतो तो उठत नाही. मूल आठवड्यास दोन पेपर सोडवीत असते, ते पाच सोडवू लागते. रात्री जागते. आकडा तोच! मग बाप म्हणतो, "आपल्या नशिबातच नाही." मुलगी असली तर लग्नाची बोलणी सुरू होतात.

आम्ही विचारतो, यात नशीब कोठून आले? गाडा चिखलात रुतला म्हणजे आपण बैलांस नुसते मारीत सुटतो काय? खाली उतरून चाक कोठे अडले ते पाहतो. पेपरावर पेपर सोडविणे हा चाबूक. आपली चूक तपासणे हे चाक पाहणे.

ते असे पाहावे. पेपर संपला की उत्तरे लगेच पाहू नका. ज्या प्रश्नांविषयी शंका होती, ते घड्याळ बाजूस ठेवून पुन्हा सोडवा; मग पडताळा. जे दुसऱ्या खेपेस बरोबर आले, ती घाईची चूक. तिला सावकाश वाचण्याची सवय हे औषध. जे पुन्हा चुकले, ते समजलेलेच नाही. तेथे अभ्यास हवा.

तिसरी चूक कायद्याच्या उताऱ्यांत होते. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे की अज्ञानाने केलेला करार रद्दबातल. सतरा वर्षांच्या मुलाने वय खोटे सांगून सावकारास घर गहाण दिले. आपले मन म्हणते, लबाडी केली, करार पाळलाच पाहिजे. पण दिलेल्या नियमाने तो करारच नव्हे! १९०३ साली मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलाने अज्ञानाचा गहाणखताचा करार असाच निरर्थक ठरविला. मनाचा न्याय सांगू नये, दिलेला नियम लावावा.

प्रत्येक चुकीचे कारण एका वहीत एका ओळीत लिहा. आठ-दहा पेपर झाले की कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, ते वहीच सांगेल. तेवढीच एक धरून दोन आठवडे खपा. हिशेब सोपा आहे : चुकणारे आठ प्रश्न बरोबर आले तर ८ गुण मिळतात आणि कापले जाणारे २ वाचतात, म्हणजे बासष्टाचे बहात्तर होतात.

आता आईबापांस एक विनंती. पोर पेपर देऊन उठले की "किती पडले?" असे विचारू नका. "आज काय चुकले, आणि का?" असे विचारा. हा प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाही; आणि त्याचे उत्तर जे पोर रोज देईल, त्याचा गाडा चिखलात फार दिवस राहणार नाही.