मुलांच्या हातांना काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकी भाषण मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु दोन मुले वाढवली, आणि धाकट्या जाऊबाई कामावर जातात म्हणून त्यांची मुलगीही दिवसभर माझ्याजवळच असते. तेव्हा दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घरात कशात गुंतवावे, या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजून आपण ऐकून घ्यावे.

आज बहुतेक घरांत एक चित्र दिसते. मूल रडले की हातात मोबाईल, जेवत नाही म्हणून मोबाईल, पाहुणे आले म्हणून मोबाईल. आईला दोष देऊन उपयोग नाही. पूर्वी घरात आजी, आत्या, काकू असत; अंगण असे. आता दोन खोल्यांत एकटी बाई स्वयंपाक, धुणे, नोकरी सगळे सांभाळते. तिला घटकाभर शांतता हवी असते. पण त्या शांततेची किंमत मूल देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. आपल्यापैकी किती घरांत हे पाळले जाते, ते ज्याचे त्याने मनाशी ताडावे.

पडदा काढून घ्या म्हणणे सोपे आहे. काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातांत काय द्यायचे, हा खरा प्रश्न. माझे उत्तर साधे आहे. घरातले काम द्या. खेळण्यांवर पैसा खर्च करण्याची गरज नाही.

हे काही माझे शोध नव्हेत. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत वाढले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शिंपले, खडे, पाने, बिया यांतूनच मुलांना मोजणे, जुळवणे, रंग ओळखणे शिकवले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. टेकडीवर खड्यांनी जे साधले, ते आपल्या ओट्याशी वाटाण्यांनी का साधू नये?

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते.

दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या परातीत थोडे पाणी, दोन वाट्या आणि एक फुलपात्र द्यावे. एका वाटीतून दुसरीत ओतण्यात ते अर्धा तास रमते. सांडले तर फडके द्यावे. पुसणे हाही खेळच आहे. मात्र पाणी बोटभर असले तरी मुलाला तिथे एकटे सोडू नये. तीन वर्षांच्या मुलाने आपल्या देखत वाटाणे सोलावेत, मेथीची पाने खुडावीत, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावाव्यात. चार वर्षांचे मूल हातरुमालाची घडी घालते, ताटे मांडते, घरात माणसे किती आणि वाट्या किती हे मोजते. पाच वर्षांच्या मुलाला पोळपाटावर कणकेचा गोळा द्यावा. त्याची पोळी कोणत्या देशाच्या नकाशासारखी होते याची चिंता करू नये. ती भाजावी आणि त्यालाच वाढावी. स्वतः लाटलेली पोळी मूल मोबाईलशिवाय खाते, हा माझा अनुभव आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा पेन्सिल धरली की पाच मिनिटांत हात दुखतो म्हणायचा. आईला वाटे, आळशी आहे. त्याच्या बाईंनी सांगितले, याच्या बोटांत जोर कमी आहे. आधी कणीक तिंबू द्या, कपडे पिळू द्या, चिमटे लावू द्या. जूनपासून आईने तेच केले. दिवाळीपर्यंत पानभर लिहू लागला. बोटे आधी बळकट होतात, अक्षर मागून येते.

पावसाळ्यात मुले घरात कोंडली जातात. त्यासाठी खेळायचा गोळा घरीच करावा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसे पाणी घालून मळावे. एका भागात हळद, दुसऱ्यात बीटचा रस घालावा. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवला तर तीन-चार दिवस टिकतो. मीठ पुष्कळ असते, म्हणून तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला हा गोळा देऊ नये. त्याला साधी कणीकच बरी.

चिकटवण्यासाठी खळ करावी. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात आधी गुठळी न राहील अशी कालवावी, मग मंद आचेवर सारखी ढवळावी. चकाकी आली की उतरावी. पुस्तके बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात. आपण मुळीच घालू नये, ते विष आहे. आपली खळ दोन दिवसांत संपवावी. या खळीने जुन्या वर्तमानपत्रांचे मुखवटे होतात, आगपेट्यांची आगगाडी होते, आणि जुन्या लग्नपत्रिकांतले गणपती कापून सुंदर तक्ता होतो. पूर्वी आपल्या आज्या कागदाच्या लगद्यात मेथ्या वाटून घालत आणि टोपल्या करत. तीही कला मुलांबरोबर पुन्हा करून पाहावी.

रंगांचीही एक गंमत आहे. हळदीने कागद रंगवावा, वाळू द्यावा, आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने चित्र काढावे. पिवळ्यावर तांबडे चित्र उमटते. गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात घालून तो निळा रंग गार झाल्यावर त्यात लिंबू पिळावे. रंग जांभळा-गुलाबी होतो. मुले डोळे विस्फारून बघतात आणि "असे का?" म्हणून विचारतात. तो "का" फार मोलाचा आहे.

आपल्या सणांनी तर वर्षभराचा अभ्यासक्रमच आखून दिला आहे. बेंदराला मातीचे बैल. नागपंचमीला पाटावर नाग. गणपतीच्या आधी शाडूचा लहानसा गणपती, मुलाच्या हातचा. नवरात्रात घटाशी कोंब मोजणे आणि हादग्याला हत्तीचे चित्र. दिवाळीत किल्ला. आमच्या कराडला मुले सदाशिवगड आणि वसंतगड लांबून रोज पाहतात. तोच किल्ला करायला सांगावे. दगड रचावेत, त्यावर माती लिंपावी, मोहरी किंवा अळीव पेरावेत. चार दिवसांत हिरवळ येते. संक्रांतीला तिळगूळ वाटण्याची पाकिटे मुलांनीच करावीत. असे काही केले की सण मुलांच्या हाताला कळतो.

आता जे सांगायचे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आमच्या जाऊबाईंची मुलगी चार वर्षांची होती. शाळेतून चिठ्ठी आली, मुलांनी घरून आकाशकंदील करून आणावा. तिने स्वतः कागद फाडले, स्वतः खळ लावली. कंदील एका बाजूला कलला होता, पण तिचा होता. शाळेत भिंतीवर कंदील टांगले गेले ते दुकानातून आणलेले, किंवा आयांनी रात्री जागून केलेले. हिचा कपाटावर राहिला. घरी येऊन म्हणाली, "काकू, माझा वाईट होता का गं?" आम्ही तो दारात लावला. पण नंतर कितीतरी दिवस तिने रंगाचा खडू हातात घेतला नाही. काही काढायला सांगितले की म्हणे, "तूच काढ, मला येत नाही."

भगिनींनो, चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी "मला येत नाही" हे शब्द यावेत, याहून मोठे नुकसान कोणते? वाकडा कंदील पुढल्या वर्षी सरळ होईल. हे तीन शब्द एकदा मनात बसले की ते गणितात येतात, स्वयंपाकात येतात, आणि मोठेपणी व्यासपीठावर उभे राहतानाही येतात. तिचा हात मोकळा व्हायला संक्रांत उजाडली. मी काही शिकवले नाही. रोज तिच्या शेजारी बसून मी माझी रांगोळी काढी आणि एक कोपरा मोकळा ठेवी, एवढेच. एक दिवस तिने तो भरला.

म्हणून मुलाने केलेली वस्तू आपण सुधारू नये. "छान" एवढ्यावरही थांबू नये. हे काय आहे, ही रेघ इथून का गेली, असे विचारावे आणि ऐकावे. आणि शाळेतून अशी चिठ्ठी आली, तर चार आयांनी मिळून बाईंना नम्रपणे सांगावे, की मुलाच्या हातचेच घ्या, वाकडे असले तरी. आपण रात्री जागून केलेल्या कंदिलाने मूल एवढेच शिकते, की आपले काम दुसऱ्याने करायचे असते.

दुसरी गोष्ट मुलग्यांची. मुलगा भातुकलीत बसला की कोणीतरी हसते. हसू नये. आज लुटुपुटीचा भात करणारा मुलगा उद्या बायको आजारी असताना खरा भात करील. मुलीलाही हातोडी आणि खिळा धरू द्यावा, आपण जवळ असताना.

काही सावधगिरी मात्र हवीच. तीन वर्षांच्या आतील मुलाजवळ मणी, बटणे, चिंचोके, शेंगदाणे, फुटाणे ठेवू नयेत, घशात अडकतात. खेळण्यांतल्या आणि घड्याळांतल्या बटणासारख्या बारीक बॅटऱ्या तर कुलुपात ठेवाव्यात. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. कात्री बोथट टोकाची द्यावी, आणि विस्तवाचे काम आपणच करावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपले सभागृह शनिवारी दुपारी रिकामे असते. दोन तास ते मुलांसाठी उघडावे. प्रत्येकीने घरची रद्दी, चिंध्या, रिकाम्या आगपेट्या, करवंट्या आणाव्यात. पाळीपाळीने दोघींनी बसावे. ज्या बाया आपल्या घरी धुण्याभांड्याला येतात, त्यांचीही मुले त्यात असावीत. त्यांची आई शनिवारीही कामावर असते. फी ठेवू नये. खळ मी करून आणीन.