कर्करोगातील देहक्षय : ऊतींच्या आत काय घडते?

कर्करोगाच्या रुग्णाची काया झिजू लागली की घरातील माणसे प्रथम त्याच्या ताटाकडे पाहतात. चार घास अधिक घेण्याचा आग्रह होतो. तरीही वजन उतरत राहिले, तर दोष रुग्णाच्या हट्टाला किंवा रांधणाऱ्या हाताला दिला जातो. शास्त्र मात्र निराळे सांगते.

उपासमारीत शरीर काटकसर करते. साठविलेली चरबी खर्ची पडते, स्नायूंतील प्रथिने शक्य तितकी राखली जातात आणि अन्न मिळू लागताच तूट भरून येते. कर्करोगातील देहक्षयात ही काटकसर मोडते. स्नायू झिजतात, बहुधा चरबीही जाते, आणि केवळ आहार वाढवून ही हानी पूर्णपणे भरून निघत नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येचे हेच मर्म आहे. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे हा तिचा एक निकष होय.

अनेक गाठींच्या पेशी ग्लुकोज भरपूर घेतात आणि त्याचे लॅक्टेट बनवितात. ते यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होते. या व्यवहारात पेशीला एका ग्लुकोज रेणूमागे एटीपी या ऊर्जाद्रव्याचे २ रेणू मिळतात, तर यकृताला तो रेणू पुन्हा घडविण्यास ६ खर्चावे लागतात. तोट्याचाच हा व्यापार! शिवाय दाह वाढविणारी द्रव्ये स्नायूंवर परिणाम करतात. तेथे प्रथिनांना 'युबिक्विटिन'ची खूण लावून ती मोडणारी यंत्रणा वेग घेते. जीडीएफ-१५ हे द्रव्य मेंदूद्वारे भूकच मारते. म्हणजे अन्न नकोसे होणे हादेखील रोगाचाच भाग असू शकतो.

कार्बन-१३ची खूण असलेले ग्लुकोज देऊन संशोधक या देवघेवीचा माग काढतात. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील सी. टी. स्कॅनवरून स्नायूंचे प्रमाण मोजले जाते. वजनकाट्याला न दिसणारी झीज त्यातून उमगते. जीडीएफ-१५ला अडविणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८७ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांचे वजन १२ आठवड्यांत तुलनेने वाढले.

गावपातळीवर करण्याजोगे कामही थोडे नाही. रुग्णाचे वजन नियमित नोंदवावे, घट दिसताच डॉक्टरांना कळवावे, आहार थोडाथोडा व अनेक वेळा द्यावा. आणि ज्याला अन्न जात नाही, त्याला बोल लावू नये. त्या घराला दोषाची नव्हे, आधाराची गरज असते.