वाळवंटातील नदी : एका सहलीची पूर्वतयारी

(विकास नगर, लखनौ येथील सभासदांपुढे केलेले भाषण)



लडाखमध्ये झांस्कर नदीवर रबरी तराफ्याने प्रवास करावा, असा मंडळातील तरुणांचा आग्रह आहे. त्यासंबंधी चार गोष्टी सांगण्याचे काम आम्हांकडे आले आहे.

वाळवंट म्हटले की आपल्याला प्रथम पंढरपूर आठवते. घाटमाथ्यावर मेघ ओथंबले की चंद्रभागेचे ते वाळवंट बुडते. आपली नदी पावसाची लेक. येथील गोमती भूजलावर पोसलेली, संथ. कोलाडला कुंडलिकेवर तराफे चालतात ते भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर. तेथे घड्याळ पाहून निघावे. झांस्करचे गणित निराळे आहे. लेहला वर्षाकाठी पाऊस सुमारे 100 मिलिमीटर, नदीचे पाणी मुख्यतः बर्फाचे. आकाश निरभ्र आणि ऊन कडक, तोच पाणी वाढण्याचा काळ! दुपारी वर वितळलेले बर्फ खाली पोहोचेपर्यंत रात्रही उलटते. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवाह भरात असतो. नवशिक्यांनी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलांची शाळा बुडेल, हे खरे. परंतु नदी सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहत नाही.

निरभ्र आकाशावर विसंबणे किती घातक, याचा दाखलाही आहे. झांस्करला मिळणाऱ्या फुगताल नदीत 31 डिसेंबर 2014 रोजी दरड कोसळून पाणी तुंबले. बांध फुटला 7 मे 2015 रोजी, आणि खालचे पूल वाहून गेले. म्हणून निघण्यापूर्वी वरच्या खोऱ्याची खबर घेतलीच पाहिजे.

लखनौहून एकदम 3500 मीटरांवर उतरल्यावर पहिले दोन दिवस केवळ विश्रांती. हृदयाचा वा श्वासाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. पदुमपासूनचा अनेक दिवसांचा प्रवास आपल्यासाठी नव्हे. 2024 मध्ये निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला असला, तरी त्या घळईत मदत हाकेच्या अंतरावर नाही. चिलिंग ते निमू हा सुमारे 28 किलोमीटरांचा टप्पा पुरे. बर्फगार पाण्यात हातपाय लवकर बधिर होतात, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालावे. नावाड्याचा हुकूम न मानणाऱ्यास, मग तो कार्यकारिणीचा सभासद का असेना, तराफ्यात जागा देऊ नये.

वडीलधाऱ्यांनी निमूच्या संगमावर थांबावे. तेथे सिंधू आणि झांस्कर यांचे निरनिराळ्या रंगांचे पाणी काठावरूनच पाहता येते, आणि चहाची किटली सांभाळायला कोणी तरी हवेच.