दाव्यामागून दावे : वकिलाचे कर्तव्य आणि समाजाचे नुकसान

(मंडळाच्या बेळगाव येथील कायदाविषयक सभेत केलेले भाषण)



 विषय थोडा अवघड आहे, कारण त्यात आमच्याच व्यवसायाबद्दल बोलायचे आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आम्हाला अर्धीच पटते. ज्याचा हक्क बुडाला आहे त्याने ती पायरी जरूर चढावी. पायरी त्याच्यासाठीच बांधली आहे. प्रश्न आहे तो एकदा हरून खाली उतरल्यावर नाव बदलून, मागणी बदलून, कोर्ट बदलून पुन्हा तीच पायरी चढणाऱ्यांचा. आणि त्यांचा हात धरून त्यांना वर नेणाऱ्या वकिलांचाही.

हे कसे चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. चार एकर शेत असते किंवा गावातले एक जुने घर असते. थोरला भाऊ वाटणीचा दावा हरतो, अपिलातही हरतो. मग त्याच जमिनीवर बायकोच्या नावाने मनाई हुकुमाचा दावा येतो. तो फेटाळला की मुलगा उभा राहतो. मध्येच तहसीलदारांकडे उताऱ्याच्या नोंदीला हरकत घेतली जाते, पोलिसांत तक्रार पडते. यातला एकही दावा जिंकण्यासाठी केलेला नसतो. समोरच्याला दमवणे हाच हेतू असतो. प्रत्येक तारखेला धाकट्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, गाडीभाडे जाते, वकिलाची फी जाते. जमिनीवर दावा आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक येत नाही, बँक कर्ज देत नाही. शेवटी तो म्हणतो, "घे बाबा तुला काय हवे ते." न्यायालयाने जे दिले नाही ते अशा रीतीने दमवून मिळवले जाते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच राज्यातले, बंगळूरचे आहे. १९७७ साली ते सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वडील भाडेकरू होते आणि जागा खाली करण्याच्या प्रकरणात ते उच्च न्यायालयापर्यंत हरले. मग मुलाने दावा लावला की तो हुकूम लबाडीने मिळवलेला आहे. त्यातही मनाई मिळाली नाही आणि उच्च न्यायालयाने जागा सोडायला काही महिने मुदत दिली. मुदत संपल्यावर जागा सोडायची, तर या गृहस्थांनी जवळजवळ आधीच्याच दाव्याची नक्कल दुसऱ्या कोर्टात दाखल केली आणि दुसरी बाजू ऐकण्याआधीच मनाई मिळवली. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली अशी की, खालच्या न्यायाधीशाने दावा नीट वाचावा, नुसत्या शब्दांच्या चलाखीने कारण उभे केले असेल तर तो आरंभीच फेटाळावा. दुसरी आम्हाला उद्देशून होती. अशा खोडसाळ दाव्यांना वकिलाने साथ देऊ नये, उलट पक्षकाराला हे व्यसन लागू नये म्हणून झटावे.

या गोष्टीला आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. कायद्यात हत्यारे कमी नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ सांगते की, एकदा अंतिम निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांत किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांत पुन्हा चालवता येत नाही. तोच वाद आधीच्या दाव्यात चालू असेल, तर कलम १० प्रमाणे नंतरचा दावा थांबवता येतो. आदेश ७ नियम ११ खाली दावा दारातच अडवता येतो. आदेश २३ प्रमाणे परवानगी न घेता दावा काढून घेतला, तर त्याच कारणासाठी नवा लावता येत नाही. आदेश १७ प्रमाणे एका पक्षाला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत. कलम ३५-अ खाली खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देता येते. पण तिची कमाल मर्यादा आहे ३,००० रुपये. ज्याने दहा वर्षे कोर्टाच्या वाऱ्या केल्या, त्याच्या हाती हे तीन हजार! व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने ही मर्यादा काढली, शेतकऱ्याच्या दाव्यात ती तशीच आहे.

वारंवार दावे करणाऱ्यालाच आवर घालणारे कायदेही काही राज्यांत आहेत. मद्रासने १९४९ मध्ये, महाराष्ट्राने १९७१ मध्ये, मध्य प्रदेशाने २०१५ मध्ये असा कायदा केला. त्याचा गाभा असा की, उच्च न्यायालयाने एखाद्याला सवयीचा त्रासदायक दावेदार ठरवले, की पुढे परवानगीशिवाय त्याला दावा लावता येत नाही. विधी आयोगाने २००५ मध्ये आपल्या १९२ व्या अहवालात संपूर्ण देशासाठी असा कायदा सुचवला होता. तसा केंद्रीय कायदा झालेला नाही. निवडणुकीच्या दिवसांत दारात येणाऱ्या उमेदवारांना आपण हा प्रश्न विचारला पाहिजे.

आता आमच्या कर्तव्याकडे येतो. १९६१ च्या वकील कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने आचारनियम केले आहेत. वकिलाने खटले चिथावू नयेत. निकालावर अवलंबून असणारी फी ठरवू नये. पक्षकार लबाडीचे मार्ग धरू लागला तर त्याला रोखावे, आणि तो ऐकत नसेल तर त्याचे काम सोडावे. पक्षकाराने सांगितले म्हणून मी केले, ही सबब या नियमांत बसत नाही. वकील प्रथम न्यायालयाचा अधिकारी आहे, त्यानंतर अशिलाचा प्रतिनिधी.

काही तरुण वकील विचारतात की, प्रत्येकाला वकील मिळण्याचा हक्क आहे, मग आम्ही नाही कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. दुबळ्या बाजूचा खटला जरूर घ्यावा, अप्रिय माणसाचाही घ्यावा. परंतु आधीचा निकाल लपवून लिहिलेला दावा सही करून दाखल करणे म्हणजे बचाव नव्हे. वकीलपत्र घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : या मिळकतीवर पूर्वी दावा झाला आहे काय? त्याचा निकाल काय? आज नवे काय घडले आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर फाईल परत द्यावी. त्या दिवसाची फी जाईल, पण नाव राहील.

गांधीजींची गोष्ट या ठिकाणी आठवते. ते १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या ४०,००० पौंडांच्या दाव्यासाठी. पक्षकाराची बाजू भक्कम होती. तरीही त्यांनी लवादाने प्रकरण मिटवले, आणि हरलेल्या नातेवाइकाला पैसे हप्त्याने फेडू द्यावेत म्हणून आपल्याच अशिलाचे मन वळवले. दुभंगलेल्यांना जोडणे हे वकिलाचे खरे काम, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

मात्र एक सावधगिरी ठेवा. नको असलेला प्रत्येक दावा खोडसाळ नसतो. बहिणीने वाटा मागितला की "ही कोर्टकचेरी करते" असे म्हणणारे भाऊ आपल्यात कमी नाहीत. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तिचा पहिला दावा हा तिचा हक्क आहे. तिला दमवण्यासाठी भावांनी लावलेले पुढचे चार दावे हा दुरुपयोग आहे. हा फरक वकिलाने ओळखावा आणि समाजानेही.

आपण काय करू शकतो? एक, समोरचा पुन्हा मनाई मागेल अशी शंका असेल तर कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस टिकते आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होण्याचा धोका कमी होतो. दोन, जुन्या निकालांच्या प्रमाणित नकला घरात जपून ठेवा, पहिल्याच तारखेला त्या पुढे ठेवता येतात. तीन, लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. चार, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

पाच, वकिलानेच गैरवर्तन केले तर राज्य बार कौन्सिलकडे कलम ३५ खाली लेखी तक्रार करा. समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. एका वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. त्यामुळे आमच्या घराची झाडलोट आता आम्हीच केली पाहिजे. ती केली नाही तर लोकांचा विश्वास उडेल, आणि विश्वास उडालेल्या कोर्टात दुबळ्याला कोणीच वाली उरत नाही.

मंडळाला आमची विनंती आहे की, महिन्यातून एक रविवार घरगुती व जमिनीच्या तंट्यांच्या सल्ल्यासाठी ठेवावा. आम्ही विनामूल्य बसू. पहिला दावा लागण्याआधीच दोन भाऊ इथे एका चटईवर बसले, तर पुढचे नऊ दावे वाचतील.